कवटीतला केर

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मध्यवस्तीत रस्ता ओलांडताना पायाखाली संगमरवर येतो. तिथल्या झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे रंगाने ओढलेले नाहीत, काराराच्या संगमरवरात बसवलेले आहेत. मूळचे हे विणकरांचे गाव. 1915 साली इथे डाइमलरचा कारखाना आला, पुढे तो मर्सिडीज मोटारींचा अवाढव्य कारखाना झाला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावाच्या तिजोरीत इतका पैसा जमला की रस्त्यावरच्या पट्ट्यांनाही संगमरवर परवडला. स्टुटगार्ट इथून हाकेच्या अंतरावर. ते आणि मुंबई 1968 पासून भगिनी शहरे आहेत. मर्सिडीजचा भारतातला कारखाना पुण्याजवळ, चाकणला. त्यामुळे पुण्या-पिंपरीकडची इंजिनिअर मंडळी या भागात येत-जात असतात, काही घर करून राहतात, आणि मग कुणाचे ना कुणाचे आईवडील तीन महिन्यांच्या व्हिसावर नातवंडांजवळ राहायला येतात.

अशा एका घराची कल्पना करू. जानेवारी महिना. बाबा बहात्तर वर्षांचे, सकाळी फिरून आल्याशिवाय चहा न घेणारे. रात्री पडलेला पाऊस फरशीवर गोठला आहे, आणि अशा बर्फाचा रंग फरशीचाच असतो. पाय सरकतो, डोके मागे आपटते. बाबा स्वतःच उठतात, घरी येतात, टोपी काढून म्हणतात, "काही नाही गं, मुका मार आहे. जरा टेंगूळ आलंय." सूनबाई मात्र ऐकत नाही, बाबांना हृदयासाठी रोज ॲस्पिरिनची गोळी आहे हे तिला ठाऊक आहे. दवाखान्यात स्कॅन होतो. कवटीच्या आतल्या अंगाला रक्ताची पातळ चंद्रकोर दिसते, जाडी चार मिलिमीटर. डॉक्टर सांगतात की ऑपरेशनची गरज नाही. बाबांना ठेवून घेऊ, रात्रभर ठरावीक वेळाने उठवून पाहू, उद्या पुन्हा स्कॅन करू. तासाभरात पुण्याहून धाकट्याचा फोन येतो: "दादा, मेंदूत रक्त झालंय आणि ते लोक नुसते बघत बसलेत?"

धाकट्याचा प्रश्न काळजीपोटी आलेला आहे आणि त्याला पुरते उत्तर मिळायला हवे. आपल्याकडे दवाखान्याच्या व्हरांड्यात अशा वेळी एकच वाक्य कानावर येते, "गुठळी आपोआप विरघळेल." वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. साखर पाण्यात विरघळते तशी गुठळी विरघळत नाही. ती फोडावी लागते, खावी लागते, वाहून न्यावी लागते, आणि हे सगळे काम मेंदू आणि त्याची आवरणे कुणाला न सांगता करत असतात.

आधी रक्त येते कुठून ते पाहू. त्यासाठी झिंडेलफिंगेनइतके योग्य गाव दुसरे नाही. 10 सप्टेंबर 1959 रोजी या कारखान्याजवळच्या मोकळ्या जागेवर मर्सिडीजच्या इंजिनिअरांनी एक चालती गाडी मुद्दाम एका घट्ट अडथळ्यावर नेऊन आदळली. त्यांच्या कंपनीतली ही पहिली क्रॅश टेस्ट. सुरुवातीला गाडी ओढायला ग्लायडर विमाने हवेत सोडणाऱ्या यंत्रासारखी दोराची ओढ वापरत, पुढे गरम पाण्याच्या वाफेवर चालणारे रॉकेट गाडीमागे जोडू लागले. या सगळ्यामागे बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरचा एक विचार होता. गाडीचे नाक आणि शेपूट चुरगळू द्यावे आणि मधली खोली मात्र अभंग ठेवावी, असे त्याने मांडले. 1951 साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला. गाडी जितका जास्त वेळ घेऊन थांबेल तितका आतल्या माणसाला बसणारा हिसका कमी. बारेनी 1997 साली वारला तो बोब्लिंगेनमध्ये, म्हणजे झिंडेलफिंगेनला खेटून असलेल्या गावात.

आजही अशा चाचण्यांत गाडीत माणसाच्या जागी बसवलेल्या बाहुल्याच्या डोक्यात तीन दिशांची त्वरणमापके बसवलेली असतात. टक्कर संपली की त्यांच्या नोंदींवरून एक आकडा काढतात, आणि त्यावरून माणसाच्या डोक्याला किती धोका होता ते ठरते. पण बाहुल्याच्या डोक्यात मेंदू नसतो आणि शिराही नसतात. माणसाच्या डोक्यात सुमारे चौदाशे ग्रॅमचा मेंदू पाण्यात तरंगत असतो. या पाण्याला मेंदूपाणी म्हणू. कवटी थांबते तेव्हा मेंदू क्षणभर पुढे जातच राहतो, आणि मेंदूच्या पृष्ठभागावरून निघून वरच्या आवरणातल्या मोठ्या शिरेला मिळणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. त्यांना सेतुशिरा म्हणू. थांबणे फारच झटक्यात झाले तर एखादी सेतुशीर तुटते. म्हणूनच जमिनीवर पडणे दिसते त्याहून वाईट असते. पट्टा लावलेल्या, चुरगळणाऱ्या गाडीत डोक्याला थांबायला थोडा वेळ मिळतो. गोठलेल्या फरशीवर तो जवळपास मिळतच नाही. अमेरिकेत गेनारेली आणि थिबो यांनी 1982 साली माकडांवरच्या प्रयोगांतून हेच दाखवले: अगदी थोडा वेळ टिकणाऱ्या, झटक्याच्या आघाताने शिरा तुटतात, आघात थोडा लांबला तर शिरा वाचतात, पण मेंदूच्या खोलवरच्या तंतूंना इजा होते.

मेंदूभोवती तीन आवरणे आहेत. सर्वांत बाहेरचे जाड, चामड्यासारखे. त्याला दृढावरण म्हणतात. मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे नाजूक, आणि तिसरे मेंदूला चिकटलेले. रक्त कोणत्या दोन थरांमध्ये साठले यावर पुढचे बरेचसे ठरते. कवटी आणि दृढावरण यांच्यामध्ये साठले तर बहुधा कानशिलाजवळच्या धमनीला इजा झालेली असते. धमनीचा दाब जबर, त्यामुळे हे रक्त दृढावरणाला हाडापासून सोलत जाते आणि स्कॅनवर भिंगासारखे फुगीर दिसते. दृढावरणाखाली साठले तर ते सेतुशिरेचे, आणि आकार बाबांच्या स्कॅनवर दिसला तसा चंद्रकोरीचा. जाळ्याच्या आवरणाखाली आले तर ते मेंदूपाण्यात मिसळते. मेंदूच्या गाभ्यात आले तर तो मेंदूलाच झालेला मुका मार.

कवटी ही बंद पेटी आहे. आत मेंदू, रक्त आणि साधारण दीडशे मिलिलिटर मेंदूपाणी असते, आणि एक वाढले तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते. हे तत्त्व स्कॉटलंडच्या मन्रो आणि केली यांनी 1783 आणि 1824 साली मांडले. दोनशे वर्षांत ते जुने झालेले नाही. थोडे रक्त साठले की मेंदूपाणी पाठीच्या कण्याकडे सरकून जागा करून देते. म्हातारपणी मेंदू किंचित आकसलेला असतो, म्हणून जागा आणखी जास्त. बाबा स्वतःच्या पायांनी घरी आले त्याला हे एक कारण होते. ही मोकळी जागा वृद्धांना सुरुवातीला वाचवते आणि नंतर फसवते, पण ते पुढे.

आता त्या चंद्रकोरीचे काय होते ते पाहू. त्यासाठी रक्त तपासायला दिल्यावर दंडावर उमटणारा डाग आठवा. पहिल्या दिवशी तांबडा-जांभळा, मग काळानिळा, चार-पाच दिवसांनी कडेने हिरवट, मग पिवळा, शेवटी तपकिरी होऊन जातो. आपण म्हणतो, रक्त साकळले होते, उतरले. या रंगबदलामागे सबंध रसायनशास्त्र आहे. गुठळीतल्या तांबड्या पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन बाहेर पडते. सफाई करणाऱ्या पेशी त्यातला लोह धरून ठेवणारा भाग घेऊन एका विकराने उघडतात. त्यातून हिरवे बिलिव्हर्डिन तयार होते, त्याचे पुढे पिवळे बिलिरुबिन होते. उरलेले लोह पेशी आपल्याजवळ साठवून ठेवतात, आणि ते तपकिरी दिसते. कावीळ झाल्यावर डोळ्यांत दिसणारा पिवळेपणा याच बिलिरुबिनचा. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरशोने 1847 साली जुन्या रक्तस्रावांच्या जागी सापडणारे नारिंगी स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि ते रक्तातूनच बनतात, पित्ताच्या रंगाशी त्यांचे नाते आहे, हे ओळखले.

कवटीत हेच घडते, फक्त काम करणारे हात वेगळे असतात. मेंदूत सूक्ष्मदेही पेशी नावाच्या राखणदार पेशी असतात. शांत वेळी त्यांची बारीक बोटे आजूबाजूला सतत चाचपत असतात. रक्त आले की त्या बोटे आत घेतात, गोल होतात, आणि फुटलेल्या पेशींचे तुकडे गिळायला लागतात. रक्तातूनही भक्षक पेशी मदतीला येतात. हिमोग्लोबिन मोकळे राहिले तर शेजारच्या चेतापेशींना ते विषारी ठरते, म्हणून हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन त्याला पकडून ठेवते. सगळ्यात जपून सांभाळावे लागते ते लोह. मोकळे लोह मेंदू जाळते. पेशी ते फेरिटिनच्या डब्यात बंद करतात.

झिंडेलफिंगेन ज्या श्वाबेन प्रदेशात आहे तिथल्या इमारतींत एक रिवाज आहे. जिना, दारापुढची फरशी झाडायची पाळी दर आठवड्याला एकेका बिऱ्हाडाकडे येते, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी अडकवली जाते. या पाळीला तिकडे 'केरवोखे' म्हणतात. जर्मनमधले 'केर' म्हणजे झाडणे, आणि आपला केर म्हणजे जे झाडले जाते ते; दोन्ही शब्दांची गाठ निव्वळ योगायोगाने पडलेली आहे, पण नव्याने आलेल्या मराठी घराला हा शब्द पहिल्याच आठवड्यात तोंडी बसतो. मेंदूतली झाडलोट मला या पाळीसारखी वाटते. घाई नाही, बोलावणे नाही, आणि काम मध्येच सोडून कुणी जात नाही.

केर काढला, पण तो टाकायचा कुठे? बरीच वर्षे पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असे की मेंदूला शरीराच्या इतर भागांसारख्या लसिकावाहिन्या नाहीत. खरे तर इटलीच्या पाओलो मास्कान्यीने 1787 साली मेंदूच्या आवरणांत अशा वाहिन्या असल्याचे म्हटले होते. त्याचे कुणी मनावर घेतले नाही. 2015 साली अमेरिकेतल्या आणि फिनलंडमधल्या दोन गटांनी उंदरांच्या दृढावरणात त्या दाखवल्या. 2020 साली उंदरांवरच्याच प्रयोगांत दिसले की मेंदूपाण्यात आलेल्या तांबड्या पेशी याच वाटेने मानेतल्या खोल लसिकाग्रंथींपर्यंत पोचतात. म्हणजे डोक्यातला केर गळ्यापाशी येऊन पडतो. माणसात याचा वाटा नेमका किती, हे अजून तपासले जात आहे.

आणखी एक गोष्ट घडते, तिचा घोटाळा होऊ नये. कधी कधी दृढावरणाखालचे चांगले जाड रक्त काही तासांतच स्कॅनवरून नाहीसे झाल्यासारखे दिसते. इतक्या लवकर कोणतीही पेशी एवढे रक्त खाऊ शकत नाही. तिथे बहुधा जाळ्याच्या आवरणाला फट पडलेली असते, मेंदूपाणी आत शिरते, आणि रक्त पातळ होऊन मेंदूभर पसरते. मुलांत कवटीला तडा गेलेला असेल तर आतले रक्त त्या तड्यातून बाहेर, डोक्याच्या कातडीखाली येते. आतली गुठळी लहान होते आणि बाहेरचे टेंगूळ वाढते. घरचे टेंगूळ पाहून घाबरतात, आणि आत मात्र सुटका होत असते. अर्थात हे स्कॅनशिवाय कुणी ठरवू नये.

स्कॅनशिवाय म्हणजे काय, ते आज समजणे कठीण आहे. मार्च 1962 मध्ये बार्बाडोसला भारतीय संघाचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्याला चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागला. कवटीचे हाड मोडले, आत रक्त साठून मेंदू दबला, आणि त्याच्यावर तातडीने शस्त्रक्रिया झाली. रक्त द्यायला वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आला. भारतीय संघातले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचला. पुढे वेल्लोरला त्याच्या डोक्यात धातूची पट्टी बसवली गेली, ती साठ वर्षांनी, 2022 साली काढली. 1962 साली ते तातडीचे ऑपरेशन करणाऱ्यांना आत काय आहे ते दिसत नव्हते. डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार, नाडीची गती, श्वास, हातापायांची ताकद एवढ्यावरून अंदाज बांधायचा आणि कवटीला भोक पाडून खात्री करायची, हीच तेव्हाची रीत होती.

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विंबल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन घेतला. त्यानंतर एक मोठीच गोष्ट उघड झाली. डोक्याला मार लागून घरी गेलेल्या, चार दिवस डोके दुखून बरे झालेल्या कितीतरी लोकांच्या कवटीत थोडे थोडे रक्त असे. ते पूर्वीही असणारच. पाहायला साधन नव्हते. आत रक्त सापडले की काढायचेच, हा जुना नियम जे रुग्ण फार आजारी होते त्यांच्यावरून बनला होता. लहान रक्तस्राव आपले आपण बरे होतात हे ज्ञान यंत्र आल्यावरच पदरात पडले, आणि 'पाहत राहणे' ही तेव्हापासून उपचाराची पद्धत झाली.

स्कॅनची काळी-पांढरी पाटी एकदा जवळून पाहण्यासारखी असते. हाड शुभ्र. मेंदू राखाडी. पाणी काळे. ताजे रक्त मेंदूपेक्षा पांढरे, कारण गुठळीत प्रथिने दाटीने बसलेली असतात. पहिले तीन दिवस चंद्रकोर अशी पांढरी दिसते. मग रोज थोडी थोडी मळते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती मेंदूच्याच रंगाची होते. या काळात ती ओळखायला तयार नजर लागते, कारण रंगाने काहीच सांगता येत नाही, फक्त मेंदूच्या वळ्या कवटीपासून किंचित दूर गेलेल्या दिसतात. तीन आठवड्यांनंतर ती मेंदूपेक्षा काळी होते. दंडावरच्या डागाचे जे रंग उघड्या डोळ्यांना दिसतात, त्यांचीच ही राखाडी आवृत्ती.

धाकट्याने विचारलेल्या 'बघत बसण्या'ला आकड्यांचा आधार आहे. 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या शस्त्रक्रियेच्या मार्गदर्शक सूचना आजही जगभर वापरल्या जातात. दृढावरणाखालचे ताजे रक्त 10 मिलिमीटरपेक्षा जाड असेल, किंवा मेंदूची मधली रेषा 5 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल, तर ऑपरेशन करावे. कवटी आणि दृढावरण यांमधले रक्त 30 घन सेंटिमीटरपेक्षा जास्त, म्हणजे सहा चहाच्या चमच्यांहून अधिक झाले, तर रुग्ण शुद्धीवर असला तरी ते काढावे. याहून कमी असेल, हातपाय नीट चालत असतील, शुद्ध चांगली असेल, तर थांबता येते. पण न्यूरोसर्जन जवळ असताना आणि पुन्हा पुन्हा स्कॅन करून. शुद्ध मोजायची पट्टी ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 साली दिली. डोळे उघडतो का, बोलतो काय, सांगितली तशी हालचाल करतो का, यावरून 3 ते 15 गुण. रात्री नर्स बाबांना उठवून त्यांचे नाव, गाव, आजचा वार विचारते तेव्हा ती हे गुण मांडत असते. जर्मन नर्सला सातारा हा शब्द कळला नाही तरी चालेल. दर वेळी तेच उत्तर तितक्याच चटकन आले की पुरे. भाषा अडत असेल तर घरच्या माणसाने जवळ राहावे, कारण बाबा मराठीत चुकीचे बोलायला लागले तर ते फक्त त्यालाच कळेल.

डोक्याला मार लागलेल्याला झोपू देऊ नये, असे आपल्याकडे ठामपणे सांगतात. झोपेने रक्तस्राव वाढत नाही. भीती वेगळी आहे: गुंगी चढत असेल तर घरच्यांना ती झोप वाटते. म्हणून झोपू द्यावे आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उठवावे.

थांबणे कुठे चालत नाही, हे मला अधिक जोर देऊन सांगायचे आहे. धमनीच्या रक्तस्रावात एक क्रूर मध्यंतर असते. आपटल्यावर माणूस क्षणभर गोंधळतो, मग ठीक होतो, बोलतो, हसतो, आणि तासाभरात किंवा काही तासांत कोसळतो. या वेळात रक्त साठत असते आणि मन्रो-केलीची पेटी शेवटची मोकळी जागा देऊन टाकत असते. अभिनेत्री नताशा रिचर्डसन 16 मार्च 2009 रोजी कॅनडात स्कीइंग शिकताना साध्याशा उतारावर पडली. तिने सुरुवातीला मदत नाकारली, तिला बरेही वाटत होते. दोन दिवसांनी ती गेली. ती पंचेचाळीस वर्षांची होती. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, एका बाजूचा हातपाय जड होणे, एका डोळ्याची बाहुली मोठी होणे, फिट, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव: यांतले एकही दिसले तर फॅमिली डॉक्टरांची वेळ घेत बसू नये. जर्मनीत 112, महाराष्ट्रात 108. नाका-कानातून रक्त आले नाही म्हणजे आत काही नाही, ही समजूत तर कायमची सोडून द्यावी. कवटी न मोडताही सेतुशीर तुटते.

ज्यांना आपण रक्त पातळ करण्याच्या गोळ्या म्हणतो त्यांनी रक्त पातळ होत नाही. ते गोठायला उशीर लागतो. एरवी चार मिलिमीटरवर थांबले असते ते रक्त अशा माणसात वाहत राहू शकते. सूनबाईने ॲस्पिरिनची पट्टी सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवली, आणि या साऱ्या प्रसंगात कुणी केलेले सर्वांत उपयोगी काम तेच होते. गोळी थांबवायची का, कधीपासून पुन्हा सुरू करायची, हा हृदय आणि मेंदू दोन्ही तोलून घ्यायचा निर्णय आहे. तो घरी घ्यायचा नसतो.

समजा, दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनवर चंद्रकोर तेवढीच राहिली आणि बाबा घरी आले. इथे घरचे निर्धास्त होतात, आणि वृद्धांच्या बाबतीत नेमके इथेच चुकते. पुष्कळांत उरलेले रक्त काही आठवड्यांत संपते. पण काहींमध्ये झाडलोटच बिघडते. दृढावरणाच्या आतल्या अंगाला, रक्ताच्या कडेने, एक नवा पापुद्रा तयार होतो. त्यात नव्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या इतक्या कच्च्या असतात की झिरपत राहतात. आतले रक्त गोठवणारे आणि गुठळी फोडणारे रसायन यांचा तोल सुटलेला असतो, त्यामुळे झिरपलेले गोठत नाही. रक्त काढायला आलेली यंत्रणा नवे रक्त आणत राहते. चंद्रकोर हळूहळू वाढते, इंजिन ऑइलसारखी काळपट आणि पातळ. फिरशोने 1857 साली हा पापुद्रा वर्णिला, पण तो आवरणांचा दाह समजला. मूळ कारण डोक्याला लागलेला मार आणि तुटलेली सेतुशीर आहे, हे 1914 साली लंडनचा विल्फ्रेड ट्रॉटर सांगू शकला.

यातली अडचण म्हणजे मार केव्हा लागला हे कुणाच्या लक्षात नसते. तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी आजोबा पाय ओढत चालायला लागतात, जेवताना घास हातातून पडतो, नातवाचे नाव विसरतात, दुपारीही झोपून राहतात. घरात म्हणतात, वय झाले. मेंदू आकसल्याने मिळालेल्या मोकळ्या जागेत रक्त इतके दिवस गुपचूप वाढत असते; ती जागा फसवते म्हटले ते याच अर्थाने. वेळेवर स्कॅन झाला तर कवटीला एक-दोन लहान छिद्रे पाडून हे काळे पाणी सोडून देता येते, आणि कालपर्यंत खुळावलेले आजोबा दुसऱ्या दिवशी पेपर मागतात. न्यूरोसर्जरीत एवढ्या लवकर दिसणारे सुख फार थोडे.

पापुद्र्याचा दाह कमी करावा म्हणून स्टेरॉइड देण्याची रीत बरीच वर्षे होती. 2020 साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसले की डेक्सामेथाझोन दिलेल्यांना पुन्हा ऑपरेशन कमी लागले, पण सहा महिन्यांनी त्यांची एकूण स्थिती मात्र अधिक वाईट होती. अलीकडे दुसरी वाट निघाली आहे: पापुद्र्यातल्या कच्च्या वाहिन्यांना रक्त पुरवणारी आवरणाची धमनी मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून आतूनच बंद करायची. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या काही चाचण्यांत ऑपरेशनच्या जोडीला हे केल्यावर पुन्हा रक्त साठण्याचे प्रमाण घटले. मला या उपायात एक न्यायाची गोष्ट दिसते. इथे रक्त काढून घेतले जातेच, शिवाय ज्या झाडूने केर वाढत होता तो झाडूही काढून घेतला जातो.

आपल्या कल्पनेतल्या घरी फेब्रुवारी संपत आला आहे. बाबांचा परतीचा प्रवास पुढे ढकलला आहे. विमानात बसायचे की नाही ते तिसऱ्या स्कॅननंतर डॉक्टर सांगणार आहेत. रोज सकाळी सूनबाई त्यांना मनगट वर धरायला सांगते, डोळे मिटून दोन्ही हात समोर ताणायला लावते, कुठला हात खाली येतो का पाहते. हे तिला दवाखान्यात दाखवले होते. धाकट्याला आता रोजचा व्हिडिओ कॉल ठरलेला. "बाबा, आज वार कोणता?" तो विचारतो. बाबा वार सांगतात, तिथी सांगतात, वर संकष्टी कधी आहे तेही.

तिसऱ्या स्कॅनवर कवटीच्या आतली कड पुन्हा सरळ दिसते. मेंदूच्या वळ्या हाडापाशी परत आल्या आहेत. काही वर्षांनी दुसऱ्या कुठल्या कारणाने बाबांचा एमआरआय झाला, आणि लोह टिपणारी चित्रे घेतली, तर त्या जागी एखादी बारीक काळी रेघ कदाचित दिसेल. सफाई करणाऱ्या पेशींनी डब्यात घालून ठेवलेले ते लोह.